दारावरचे बंधू

टेलरमास्तरांनी त्या एका नियमापायी किती जणांशी वाकडं घेतलं होतं, त्याला गणती नाही. हातभार मंडळाच्या वार्षिक मेळाव्याला जो येईल त्याने आधी त्यांच्या कानात मंडळाचा शब्द सांगायचा, मगच आत पाऊल टाकायचं. डॉक्टर असो, वकील असो, नाहीतर खुद्द मास्तरांचा सख्खा मेहुणा असो. मेहुणा एकदा शब्द विसरला तेव्हा मास्तरांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला होता, आणि त्यानंतर कितीतरी दिवस बायकोने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मास्तर म्हणाले, बोलू नकोस, पण दार म्हणजे दार.

हे हातभार मंडळ म्हणजे काही फार मोठी संस्था नव्हे. लाकडाच्या वखारीच्या वर एक लांबट हॉल, त्यात जुन्या खुर्च्या, भिंतीवर दिवंगत बंधूंचे फोटो आणि खिडकीतून सतत आत येणारा भुशाचा वास. मंडळात शिरणाऱ्याला निळा पट्टा मिळायचा आणि एकदाच, आयुष्यात एकदाच, कानात तो शब्द सांगितला जायचा. तो कुठे लिहायचा नाही, बायकोला सांगायचा नाही, झोपेत बरळायचा नाही. सगळे एकमेकांना बंधू म्हणायचे, अध्यक्षाला थोरले बंधू, आणि दारापाशी स्टुलावर बसून शब्द घेणाऱ्याला दारावरचे बंधू. सगळे आत गेले की दारावरचे बंधू बाहेरून दार लावून घेत आणि सोहळा संपेपर्यंत बाहेरच बसत. मास्तरांनी हे काम हौसेने मागून घेतलं होतं. त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांनी मंडळाचा सोहळा पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता.

ऐकण्यासारखं खूप असायचं म्हणा. आधी शपथ, मग गेलेल्या बंधूंची नावं, आणि मग सगळ्यात मोठा गोंधळ, खुर्च्यांची चाचणी. मंडळ वर्षभर चाकांच्या मोडक्या खुर्च्या गोळा करायचं, दुरुस्त करायचं आणि मेळाव्याच्या दिवशी ज्यांना चालता येत नाही त्यांना देऊन टाकायचं. पण द्यायच्या आधी प्रत्येक खुर्चीत एका बंधूने स्वतः बसून हॉलला फेरी मारायची, अशी पद्धत. ज्या खुर्चीत आपण बसणार नाही ती दुसऱ्याला द्यायची नाही. आता बंधू काही सडपातळ नव्हते. एका वर्षी वकीलसाहेब लहान पोराच्या खुर्चीत असे रुतून बसले की शेवटी हात काढून टाकावा लागला. खुर्चीचा, वकिलांचा नव्हे. त्या दिवशी बाहेर स्टुलावर मास्तर एकटेच पोट धरून हसत होते.

ही चाचणी सुरू केली होती हवालदाराने. हा काही पोलीस नव्हता. त्याचं सायकलचं दुकान होतं, दिवसभर लोकांच्या चाकात हवा भरायचा, म्हणून मास्तरांनीच त्याला हवालदार केलं होतं आणि ते नाव त्याला जन्माचं चिकटलं. शेजारच्या एका म्हाताऱ्यासाठी त्याने दोन सायकलींची चाकं आणि एक वेताची खुर्ची जोडून पहिली गाडी बनवली. तीत आधी स्वतः बसला, उतारावरून सुसाट गेला आणि थेट मास्तरांच्या दुकानाच्या पायरीवर आपटला. कपाळाला खोक पडली होती आणि हा हसत होता. म्हणाला, ब्रेक लावायला हवा. तेव्हापासून दोघांचं मेतकूट जे जमलं ते जमलंच. संध्याकाळी मशीन बंद झालं की मास्तर सायकलच्या दुकानात, नाहीतर हवालदार शिलाईच्या दुकानात. तेलाचे हात घेऊन कापडाला शिवला की मास्तर त्याला पट्टीने हाणायचे.

पुढे हवालदार थोरले बंधू झाला. त्या वर्षी पठ्ठ्या मुद्दाम जिना चढून आला आणि म्हणाला, मी शब्द विसरलो. आत सगळा हॉल ताटकळलेला, अध्यक्षच बाहेर. मास्तर ढिम्म हलले नाहीत. बराच वेळ दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि शेवटी हवालदाराने हसत हसत शब्द सांगितला. आत जाऊन भाषणात म्हणाला की आपलं दार पक्कं आहे, मी हलवून पाहिलंय. त्या कौतुकावर मास्तरांनी पुढची कित्येक वर्षं काढली.

आणि आता हवालदार खरोखरच विसरला होता. आधी किल्ल्या विसरला, मग रस्ते, मग माणसं. दुकान मुलाने चालवायला घेतलं. मास्तर रोज जाऊन बसायचे. एखाद्या दिवशी तो ओळखायचा, बहुतेक दिवशी नाही. कधी त्यांना गिऱ्हाईक समजून विचारायचा, पंक्चर आहे का? मास्तर म्हणायचे, हो, आहे. दुसरं काय म्हणणार?

मेळाव्याच्या आदल्या दिवशी वहिनींचा, म्हणजे हवालदाराच्या बायकोचा, फोन आला. आठवडाभर हा माणूस निळा पट्टा मागतोय, इस्त्री करून ठेवलाय तो सारखा काढून बघतोय. उद्या घेऊन येऊ का, असं त्यांनी विचारलं. मास्तर घुटमळले. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांना आता काही कळत नाही. पण कुठून परत पाठवलं ना, तर ते कळतं. मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. तेवढं होऊ देऊ नका."

मास्तरांनी थोरल्या बंधूंना गाठलं. सध्याचे थोरले बंधू बँकेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. ते म्हणाले, दारावरचा निर्णय दारावरच्या बंधूंचा, तुम्ही सोडलंत तर आम्ही कोण विचारणार? मास्तर तोंडातल्या तोंडात पुटपुटत घरी आले. नियम त्यांचा स्वतःचा, तो मोडायचाही त्यांनीच. जेवताना बायको म्हणाली, माझ्या भावाला परत पाठवलंत आणि मित्राला सोडणार होय? मास्तर म्हणाले, हो, सोडणार. तिने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्टुलावर बसतात न बसतात तोच जिन्यावर पावलं वाजली. सगळ्यांच्या आधी हवालदार आला होता. पट्टा बरोबर उजव्या खांद्यावरून, केस पाणी लावून बसवलेले, बूट चकचकीत. वहिनी खालच्या पायरीपर्यंत आल्या, पुढे बंधूंशिवाय कोणी यायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. हवालदार मास्तरांसमोर उभा राहिला, त्यांच्या कानाशी वाकला आणि तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा वाकला. त्याचा श्वास मास्तरांच्या कानाला लागत होता, आणि श्वासाशिवाय त्यात काही नव्हतं.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "जा आत, बंधू."

हवालदार सरळ झाला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मी शब्द सांगितला नाही," तो म्हणाला. "शब्द घेतल्याशिवाय सोडता? कसले दारावरचे बंधू तुम्ही?"

शब्द गेला त्याचं मास्तरांना वाईट वाटलंच, पण या माणसाने उभ्या जन्मात त्यांना कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्यांनी खाली वहिनींकडे पाहिलं. त्या पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. मग मास्तरांनी आयुष्यात केली नव्हती ती गोष्ट केली. हवालदाराला जवळ ओढून त्याच्या कानात शब्द सांगितला.

हवालदार झटक्यात मागे झाला. दुसऱ्याने सांगितलेला शब्द चालत नाही, स्वतःचा स्वतःला आला पाहिजे, असं तो रागाने म्हणाला. म्हणाला ते खरंच होतं, मास्तरांनीच मेहुण्याला ते सुनावलं होतं. मग हवालदाराचा राग ओसरला आणि चेहरा एकदम पडला. तो हळूच जिन्याकडे वळला. मला परत जायला पाहिजे, असं काहीतरी म्हणाला आणि कठडा चाचपू लागला. खाली वखारीच्या दाराशी बाकीचे बंधू जमू लागले होते, त्यांचे आवाज येत होते.

मास्तर उठले. त्यांनी आपल्या छातीवरचा पितळी बिल्ला काढला, दारावरच्या बंधूंचा, आणि हवालदाराच्या पट्ट्यावर लावला. टाचणी दोनदा बोटात गेली. "बंधू," ते म्हणाले, "मला आज बरं वाटत नाही. दार तेवढं सांभाळता का?"

दारावरच्या बंधूंनी कोणाला शब्द सांगायचा नसतो, तो घ्यायचा असतो. हवालदाराने बिल्ल्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं आणि बसला. पाठ ताठ केली.

मास्तर कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. एकेक बंधू वर आले, स्टुलावर कोण बसलंय ते बघून क्षणभर थबकले, आणि काही न विचारता वाकले. वकील वाकले, थोरले बंधू गुडघ्याला हात लावून वाकले. प्रत्येकाने कानात शब्द सांगितला, प्रत्येक वेळी हवालदाराने मान हलवली. मास्तरांना वाटलं, नुसतीच हलवतोय बिचारा. मग डॉक्टर आले. त्यांची दाढ सुजली होती, ते घाईत काहीतरी अस्पष्ट पुटपुटले. हवालदाराने हात आडवा धरला.

"नाही," तो म्हणाला. "नीट सांगा."

डॉक्टरांनी नीट सांगितला. हात बाजूला झाला. आत गेल्यावर डॉक्टर खिशातून रुमाल काढताना दिसले, आणि तो दाढेसाठी नव्हता. शब्द हवालदाराच्या तोंडी येत नव्हता, पण ऐकला की ओळखू येत होता.

सगळे आत गेले. आत खुर्च्या सरकल्या, खोकले झाले, शांतता झाली. मास्तर पुढे आले आणि म्हणाले की आता दार लावून घेऊ या. हवालदाराने चौकटीवर हात ठेवला.

"थांबा. टेलर यायचाय अजून."

मीच तो, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण हवालदार त्यांच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होता.

"तो येतो," हवालदार म्हणाला. "कपडे शिवून द्यायचे असतील कुणाचे. तो आल्याशिवाय मी दार लावत नाही. आतल्यांना सांगा, जरा धीर धरा म्हणावं."

आतून थोरल्या बंधूंचा आवाज आला की थांबलोय आम्ही, सावकाश होऊ द्या.

मास्तर जिना उतरू लागले. पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, डोळे भरून आले होते. वहिनींनी काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी हातानेच थांबा म्हटलं. वखारीच्या दारापर्यंत गेले, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, पट्टा सारखा केला. मग वळले आणि उशीर झालेला माणूस चढतो तसे भराभर जिना चढून वर आले. स्टुलापाशी वाकले आणि हवालदाराच्या कानात शब्द सांगितला.

हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं.

"कुठे होतास रे?" तो म्हणाला. "सगळे आत गेले. तुझ्यासाठी दार धरून बसलोय मी."

हवालदार स्टुलावरून उठला, मास्तरांच्या कोपराला धरलं आणि चल, असं म्हणून त्यांना आत घेऊन गेला. त्या वर्षी मंडळाचा सोहळा पहिल्यांदाच दार उघडं टाकून झाला, आणि कोणी उठून ते लावलं नाही.