व्हिसाच्या फोटोतला निळा कोट

मित्रांनो, घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना नावाचं गाव आहे. तिथल्या बंदरामागे एबो क्वांसाचं फोटोचं दुकान आहे आणि त्या दुकानात खिळ्याला टांगलेला जुना निळा कोट म्हणजे मी. माझी खालची बटणं काळी आहेत, वरचं पिवळं. हे पिवळं बटण पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म युरोपातल्या कुठल्याशा थंड गावातला. तिथल्या एका गृहस्थाने मला दोन हिवाळे वापरलं. मग त्याचं पोट सुटलं आणि त्याने मला देऊन टाकलं. शेकडो कपड्यांबरोबर मला गठ्ठ्यात आवळलं, जहाजात घातलं आणि इथे आणून उतरवलं. इथे अशा कपड्यांना 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' म्हणतात. माझा गोरा चांगला धडधाकट होता, पण माझं ऐकतो कोण? एक मात्र खरं, की येताना मला कोणी फोटो मागितला नाही, बँकेचा कागद मागितला नाही, परत कधी जाणार असंही विचारलं नाही.

माणसांचं तसं नसतं. त्यांना युरोपात जायचं तर फोटो लागतो. मागे पांढरा पडदा, दोन्ही कान उघडे, आणि हसायचं नाही. कोट हवा असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, पण एल्मिनात सगळ्यांना ते पाठ आहे. म्हणून एबोने मला बाजारातून आणलं. पाद्री आले, मासेमार आले, फुटबॉलचा गोलकीपर आला, जुळे भाऊ तर एकामागोमाग एक मलाच घालून बसले. दूतावासात फोटोतल्या कोटाबद्दल विचारलं की जो तो छाती पुढे काढून सांगे, कोट माझाच. इतके मालक झाले, पण इस्त्री करायला एकही आला नाही.

एक दिवस एकुआ बेंट्सिल आली. ती बंदरावर मासे धुरी देऊन विकते. तिची एकुलती एक लेक, अराबा, नॉर्वेत परिचारिका आहे. दोन वर्षांपूर्वी अराबाचं तिकडेच लग्न झालं, तेव्हा एकुआला व्हिसा नाकारला होता. ही बाई परत येईल याची खात्री वाटत नाही, असं पत्र आलं होतं. लेकीचं लग्न तिने फोनवर पाहिलं. आता अराबाला दिवस गेले होते. पहिलटकरणीच्या बाळाला आजीनेच न्हाऊ घालायचं असतं.

"या खेपेला नाही मिळाला तर पोरगी एकटी पडेल रे," ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

"मावशी, डोळे लाल आले तर फोटो परत काढावा लागेल," एबो म्हणाला. "आधी फोटो, मग रडा."

अर्जाबरोबर मालकाचं रजापत्र लागतं. "मला रजा कोण देणार? तारली मासे?" एकुआने विचारलं. एबोने टाइप केलं, 'एकुआ बेंट्सिल हिला तीन आठवड्यांची रजा मंजूर. सही, एकुआ बेंट्सिल, मालक.' तिने तो कागद दोनदा वाचला. "हंगामात तीन आठवडे जरा जास्तच होतात," ती म्हणाली, पण सही केली.

मग दूतावासातून मुलाखतीचं बोलावणं आलं. एकुआ दुकानात आली आणि तिने सरळ मला खिळ्यावरून काढलं.

"कोट दुकानाबाहेर जात नाही, मावशी."

"फोटोत कोट आहे. तशीच गेले तर म्हणतील ही बाई वेगळीच आहे."

"अहो, शनिवारी चर्चच्या गायकांचे फोटो आहेत. बावीस जण आहेत ते. मला गाऊन गाऊन मारतील."

"शुक्रवारी आणून देते."

राजधानीत, आक्राच्या भर उन्हात, ती मला घालून दूतावासाच्या खिडकीपाशी उभी राहिली. पलीकडे एक चष्मेवाली गोरी बाई होती.

"घर तुमच्या नावावर आहे?"

"घर आमच्या आईच्या कुळाचं. एकाच्या नावावर कसं असेल?"

"माशांच्या भट्ट्यांचे कागद?"

"भट्ट्या मातीच्या आहेत, बाईसाहेब."

"मग तुम्ही परत याल, कशावरून?"

एकुआ माझी बाही सारखी करू लागली. बाईची नजर माझ्या पिवळ्या बटणावर खिळली होती. "हा कोट तुमचाच का?"

मी मनात म्हटलं, हो म्हण, बाई. सगळेच म्हणतात.

"छे, एबोचा आहे," एकुआ म्हणाली. "शुक्रवारी परत द्यायचाय. बावीस गायक खोळंबलेत."

बाईने चष्मा काढला. "फोटोतल्या या बटणाचे एकतीस मालक भेटले मला. कोट दुसऱ्याचा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. नाही दिला परत तर?"

"न देऊन कसं चालेल? गावात राहायचंय मला."

बाईने मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं.

शुक्रवारी मी खिळ्यावर होतो. पुढे व्हिसा आला, एकवीस दिवसांचा. एबोने आपणहून मला एकुआच्या हातात दिलं. "घेऊन जा, तिकडे थंडी असते. आणि हा इथे राहिला, तर तुम्हाला परत यायला निमित्त काय?"

असा मी माहेरी गेलो. विमानतळावर एकुआला अकरा प्रश्न विचारले आणि मला एकही नाही. नॉर्वेत, अराबाच्या बर्गन शहरात, तिने बाह्या सरसावून नातीला न्हाऊ घातलं. ढेकर काढायला खांद्यावर घेतलं, तर त्या चिमुरडीने माझ्या डाव्या खांद्यावर दूध ओकलं. मला राग आला नाही. इतक्या वर्षांत इतक्या विश्वासाने कोणी मला वापरलंच नव्हतं.

एकविसाव्या दिवशी अराबाने माझी बाही धरली. "आणखी आठ दिवस राहा ना, आई."

"कोट द्यायचाय, बाळा," एकुआ म्हणाली. ती कोटाबद्दल बोलत नव्हती, एवढं मला कळत होतं.

परत आल्यावर एबोने डाग पाहिला आणि ब्रश उचलला. एकुआने त्याचा हात धरला.

"तेवढा राहू दे."

"का? गेल्याचा शिक्का पासपोर्टवर आहे की."

"तो साहेबाला दाखवायला. हा मला."

तेव्हा मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू आणलीत तर ठरल्या दिवशी परत करा. इस्त्री करून दिलीत तर आमच्यासारखे जुने कोट दुवा देतात. आता एल्मिनाच्या प्रत्येक अर्जावर पिवळ्या बटणाबरोबर तो पांढरा डागही जातो. एकुआ रोज भट्टीकडे जाताना दुकानात डोकावते, माझ्या डाव्या खांद्यावरून बोट फिरवते आणि मासे परतायला निघून जाते.