दिलेल्या झाडाचं थँक्यू

पाटी बघितली आणि माझं डोकंच फिरलं. चार्ल्स्टनच्या या सार्वजनिक बागेत मी एकतीस वर्षं माती उकरतेय, कॅमेलियाच्या फुलझाडांची अख्खी रांग माझ्या हाताखालची. आणि तेव्हा नुकतेच बोस्टनहून आलेले नवे साहेब मला न विचारता माझ्या झाडाखाली पितळी पाटी ठोकतात! 'या झाडाबद्दल इओला गॅडस्डेन यांचे मनःपूर्वक आभार.'

मी खुरप्याने ती उपटली आणि त्यांच्या टेबलावर आदळली.

"अहो वर्डेलबाई, तुमच्या बहिणीचा मानच केला ना मी? बागेच्या जुन्या वहीत नाव सापडलं त्यांचं."

"कसला मान! दिलेल्या झाडाचे आभार मानले की झाड मरतं, साहेब. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

ते हसले. हसोत बापडे.

इओलाताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. ताईनंच मला वाढवलं, वेण्या घातल्या, शाळेत पाठवलं. पुढे नवऱ्यामागे डेट्रॉइटला निघाली, तेव्हा आईच्या कॅमेलियाची फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिली. "थँक्यूबिंक्यू म्हणालीस तर याद राख," म्हणाली. माझ्या भाड्याच्या खोलीला अंगण नव्हतं, म्हणून ती मी बागेत लावली. नंतर आमचं जुनं घर रस्त्यात गेलं, आईचं झाडही गेलं. उरलं ते हेच.

मला वाटायचं, कशाबद्दलही थँक्यू म्हणायला गेले तर त्यात झाडही येणारच. म्हणून वेण्यांचं म्हटलं नाही, शाळेचंही नाही.

पाटी लागली त्या हिवाळ्यात ताई तिकडे डेट्रॉइटला इस्पितळात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. पाटी उपटली त्याच दुपारी मी झाडाखाली बसून फोन लावला. भाचीनं तो ताईच्या कानाला धरला.

"फुललं का गं?" आवाज पार खोल गेला होता.

"लगडलंय नुसतं."

"आईच्या वेळेसारखं?"

"अगदी तस्सं. ताई, तू इथं हवी होतीस गं." मला रडू आवरेना.

"मग बोल की काहीतरी. इतकी वर्षं मूग गिळून बसलीयस."

मी झाडाकडे पाहिलं. आईचं तेवढंच उरलं होतं.

"थँक्यू, ताई. वेण्यांबद्दल. शाळेबद्दल. याच्याबद्दलसुद्धा."

ती खुदकन हसली. "मेले! मारलंस की गं झाड."

"मरू दे."

"मरू दे काय, बये? जा, आधी पाणी घाल त्याला!"

गुरुवारी ती गेली.

याला दोन वर्षं झाली. झाड ठणठणीत आहे, यंदा तर नेहमीपेक्षा जास्त फुललंय. लोक फोटो काढतात, साहेब माझ्याकडे बघून मिश्या खाजवतात. माझा मात्र त्याच्याकडे बघून जीव तुटतो. मेल्या, तुला काही होणार नव्हतं, तर आधी सांगायचंस ना. मी रोज म्हटलं असतं तिला.