घोडदळ राहिलंय

मित्रांनो, घड्याळजीच्या टेबलावर वाकलेली एक लोखंडी मान आणि तिच्या टोकाला तळहाताएवढी गोल काच तुम्ही कधी पाहिली आहे का? मी तेच आहे, एक जुने भिंग. माझ्या पितळी कड्याचा रंग आता काळवंडला आहे आणि काचेवर दोन ओरखडे आहेत. तरी अजून माझ्याखाली धरलेली मुंगी झुरळाएवढी दिसते.

माझी पहिली तीस वर्षे सांगलीच्या पेठेत नानासो घड्याळजींच्या दुकानात गेली. माझ्याखाली लग्नात मिळालेली घड्याळे आली, निवृत्तीच्या समारंभातली आली, रजेवर आलेल्या जवानांची आली. नानासोंचा एक नियम होता. एक घड्याळ उघडले की ते पुन्हा चालू लागेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. मग गिऱ्हाईक कितीही घाईचे असो. "नानासोंचा हात सावकाश, पण पक्का," असे लोक म्हणत. ते ऐकून मलाही बरे वाटे, कारण त्या पक्केपणात थोडा वाटा माझाही होता.

मग महापुराचे वर्ष आले. कृष्णेचे पाणी पेठेत शिरले आणि दुकानाच्या माळ्यापर्यंत चढले. कितीतरी दिवस मला त्या गढूळ पाण्याखाली काढावे लागले. पाणी ओसरल्यावर नानासोंचा मुलगा जयराज फावडे घेऊन आला. घड्याळे गंजून एकमेकांना चिकटली होती. त्याने मला गाळातून उपसले, शर्टाच्या बाहीने पुसले आणि घरी नेले. दुकान पुन्हा उघडले नाही. नानासोंची नजरही तोवर अधू झाली होती. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून राहत.

जयराज पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्याचे काम करी. चाळिशीचा, बिनलग्नाचा, बोलायला कमी. त्याचा एकच जिवाभावाचा मित्र होता, धैर्यशील. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. धैर्यशील इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. महामारीत सगळे घरात अडकले, तेव्हा या दोघांना फोनवर एक खेळ सापडला. टेबलावर डोंगर, ओढे, गावे मांडायची. अंगठ्याच्या पेराएवढे कोरे सैनिक मागवून आपल्या हाताने रंगवायचे. मग दोघांनी समोरासमोर बसून फासे टाकून लढाई खेळायची. त्यांनी खर्ड्याची लढाई ठरवली. मराठ्यांची फौज जयराजने रंगवायची आणि निजामाची धैर्यशीलने. दोन्ही फौजा तयार झाल्या की पट मांडायचा.

तेव्हापासून मी पुन्हा कामाला लागलो, असे समजा. सुट्टीच्या सकाळी जयराज माझ्याखाली सैनिक धरी. आधी अस्तराचा राखाडी रंग, मग अंगरखा, मग पागोटे, ढालीवरची फुले. शेवटी अगदी बारीक कुंचल्याने डोळे. त्याचा हात बापासारखाच होता. पहिले वीस पायदळी सैनिक इतके देखणे झाले की धैर्यशीलने फोनवर फोटो पाहून शिट्टी वाजवली.

एकविसावा मात्र अर्धाच राहिला.

झाले असे की एका रविवारी जयराजला फोनवर दुसऱ्याच सैनिकांची चित्रे दिसली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत लढलेली मराठा पलटण. आपल्याच सातारा-सांगलीकडची माणसे! त्याने ते सैनिक मागवले. त्यातले सहा रंगवून झाले आणि रोमन आले. रोमनांचे अस्तर वाळायच्या आत जपानी आले. मग अंतराळातले यंत्रमानव आले, मग पंखवाला एक राक्षस. प्रत्येक खोके उघडताना जयराजचा चेहरा उजळे. मला तो चेहरा सर्वांत जवळून दिसे, म्हणून सांगतो. नव्या खोक्यात अजून एकही चूक झालेली नसते. अर्धवट सैनिक हातात घेतला की त्याला वाकडी गेलेली रेघ दिसे, आणि तो हळूच बाजूला ठेवून दुसरा उचले. खर्ड्याच्या मराठ्यांचे चाळीस घोडेस्वार तर राखाडीच्या पुढे गेलेच नाहीत.

नानासोंना दिसत नसे, पण खोकी फाडल्याचा आवाज कळे. एकदा ते म्हणाले, "जया, घड्याळ उघडं टाकलं की त्यात धूळ जाती रं. मग ते बंदच पडतं."

"नाना, हा खेळ आहे. घड्याळ नव्हे," जयराज म्हणाला.

इकडे धैर्यशीलची फौज पुरी झाली. त्याचा हात काही फार चांगला नव्हता. हत्ती जरा गुलाबी झाले होते. पण सगळे सैनिक रंगून, पेटीत कापसावर रांगेने बसले होते. आणि त्याच सुमारास त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. साखरेचा आजार जुनाच होता. "जन्मभर उसाच्या रसातली साखर मोजली गड्या, माझ्या रगतातली तेवढी मोजायची राहिली," असे तो हसत सांगे.

आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी सांगलीला यावे लागे. रक्त धुऊन झाले की तो परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत जयराजकडे आडवा होई. त्याच्या डाव्या मनगटापाशी सुईसाठी केलेली शीर दोरखंडासारखी फुगली होती. एकदा जयराजने सहज मला तिच्यावर वळवले आणि लगेच दूर केले.

त्या दिवशी धैर्यशील उठून बसला. टेबलावर पाच निरनिराळ्या फौजा अर्ध्या-अर्ध्या पडल्या होत्या.

"आपलं खर्डा कुठं हाय?" त्याने विचारले.

"होतंय रे. घोडदळ राहिलंय फक्त."

"मागल्या वर्साला बी घोडदळच राहिलं हुतं." धैर्यशीलने एक राखाडी घोडेस्वार उचलला. "हे असंच मांड की. मी काय फोटू काढाय आलोय व्हय?"

"राखाडी फौज? तुझे हत्ती सजलेले आणि माझे स्वार असले भुतासारखे? शोभा होईल माझी."

"कोन बगतंय शोभा? तू आन मी."

"पाडव्याला मांडू," जयराज म्हणाला. "दिवाळीच्या पाडव्याला. नक्की."

जाताना धैर्यशीलच्या पायाला टेबलाखाली काही लागले. ते कालच आलेले नवे पार्सल होते, न उघडलेले. त्याने खाली वाकून पाहिले. ते पार्सल मलाही दिसत होते, आणि आजवर इतके ओशाळे मला कधी वाटले नव्हते.

पाडव्याला घोडदळ राखाडीच होते. मग संक्रांत ठरली. संक्रांतीलाही तिळगूळच तेवढा इस्लामपूरला गेला.

फाल्गुनात एका दुपारी पल्लवीवहिनींचा फोन आला. पल्लवी म्हणजे धैर्यशीलची बायको. जयराजने फोन कानाला लावला. डॉक्टरांनी धैर्यशीलला घरी न्यायला सांगितले होते.

जयराजने रजा टाकली. चार दिवस तो पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत माझ्यासमोरून हलला नाही. घाईत एक थर वाळायच्या आत दुसरा चढे, रंग साल निघाल्यासारखा सुटे, तो पुन्हा लावी. चाळिसांपैकी सव्वीस स्वार झाले. पाचव्या दिवशी त्याने ते एका पेटीत भरले. मलाही टेबलावरून सोडवून पंच्यात गुंडाळले, कारण धैर्यशीलच्या डोळ्यांना आता नीट दिसत नव्हते.

एसटीने आम्ही इस्लामपूरला पोचलो. धैर्यशील कॉटवर होता. तोंड सुजलेले, अंग पिवळट. पल्लवीवहिनींनी त्याच्या पाठीशी उशी लावली.

"धैर्या, घोडदळ आणलंय बघ," जयराज म्हणाला. त्याने एक स्वार धैर्यशीलच्या डोळ्यांपुढे धरला आणि मध्ये मला धरले.

धैर्यशीलने बराच वेळ पाहिले. त्याचा श्वास माझ्या काचेवर येत होता, जात होता.

"झ्याक झालाय," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पर ह्याचं डोळं न्हाई काढलंस तू."

"राहिलेत. काढतो."

"कवा?"

धैर्यशीलने मान वळवली आणि डोळे मिटले. तो रागावला नव्हता, दमला होता. पट मांडण्याइतके बळ त्याच्या अंगात उरले नव्हते, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होते. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मित्रांनो, त्यानंतर दोन महिने माझ्यावर धूळ साचत होती. जयराज कामावर जाई, येई, आणि टेबलाकडे पाठ करून जेवी.

वैशाखातल्या एका सकाळी पल्लवीवहिनी आल्या. हातात निजामाच्या फौजेची पेटी होती. नानासोंच्या पाया पडून त्या जयराजला म्हणाल्या, "भावजी, ह्यो खेळ कसा असतोय ते मला एकदा दावा. ह्यांनी लय जीव लावला हुता."

जयराजच्या ओठांवर काय आले ते मला दिसले. "घोडदळ..." एवढेच तो म्हणाला आणि त्याने ओठ घट्ट मिटले. मग त्याने दोन्ही हातांनी टेबल मोकळे केले. रोमन, जपानी, यंत्रमानव सगळे एका पोत्यात गेले. हिरवी चादर अंथरली. पुस्तके खाली घालून टेकड्या केल्या. रंगलेले, अर्धे रंगलेले, राखाडी, जे होते ते सगळे मराठे त्याने उभे केले. समोर वहिनींनी गुलाबी हत्ती मांडले. मांडायला पाव तासही लागला नाही.

त्याने नियम सांगितले. वहिनींनी फासे टाकले. तीन डाव झाले. एकदा हत्तीने पायदळाची रांग मोडली, तेव्हा त्यांना किंचित हसू आले, आणि ते लगेच मावळले. चौथ्या डावाला त्यांनी फासे हातातच धरून ठेवले.

"भावजी, येवढंच असतं व्हय?"

"हो वहिनी."

"टेबल, चादर आन दोन मानसं?"

जयराजने मान हलवली.

"मग येवढ्यासाठी तुमी त्यास्नी दोन वर्सं थांबवलं?"

खिडकीपाशी नानासोंनी मान खाली घातली. वहिनींनी आवाज चढवला नव्हता. त्यांनी फासे टेबलावर ठेवले. एकेक सैनिक पदराने पुसून कापसावर ठेवला, पेटी बंद केली आणि ती छातीशी धरून त्या निघाल्या. त्या बसथांब्यापर्यंत पोहोचवायलाही नको म्हणाल्या.

त्या दिवसापासून टेबलावर मराठ्यांची फौज तशीच उभी आहे. समोर कुणी नाही. जयराज ती उचलत नाही आणि रंगवतही नाही. पोत्यातल्या फौजा माळ्यावर गेल्या. नवे पार्सल आता येत नाही, पण त्यात मला आनंद वाटत नाही. ते आधी थांबायला हवे होते.

माझी काच पुसा, मला नीट ठेवा, अशी विनंती मी तुम्हाला करणार होतो. जुन्या वस्तू तेच सांगतात. पण मी काही तसे मागत नाही. तुमच्यासाठी कुणी थांबले असेल, तर जे जसे आहे तसे मांडा आणि त्याला आजच बोलवा. रंग मागाहून देता येतो.