परत आलेल्या गोगलगायी

शोधनिबंधात सगळ्यात शेवटी आभार लिहायचे असतात. तोपर्यंत माणूस इतका दमलेला असतो, की घरातल्या पंख्याचेही आभार मानून मोकळा व्हावा असं वाटतं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझे जवळजवळ सगळे आभार लिहून झाले होते. राहिल्या होत्या फक्त शेजारच्या डॉक्टरकाकू. शुक्रवारी संध्याकाळी जर्नलच्या विशेषांकाची मुदत संपत होती आणि सोमवारी माझी मुलाखत होती.

मुलाखत संशोधन सहायकाच्या जागेसाठी होती. जाहिरातीत अट होती, की उमेदवाराने किमान एक शोधनिबंध जर्नलकडे पाठवलेला असावा. छापून आलेला असला पाहिजे असं नव्हतं, पाठवलेला असला तरी पुरे. माझ्याकडे पाठवण्यासारखा हा एकच होता. तो वेळेत गेला नाही, तर मुलाखतीला फक्त नवा ड्रेस दाखवायला जायचं होतं.

निबंध गोगलगायींवर होता. आमच्या परसातल्या कोबीच्या वाफ्यात त्या मुबलक होत्या. त्या पकडायच्या, कवचावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, ठिपक्यावर बारीक नंबर घालायचा आणि दूर नेऊन सोडायच्या. काही रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक बागेत, काही भिंतीपलीकडे डॉक्टरकाकूंच्या बागेत, पाण्याच्या टाकीपाशी. मग रोज पहाटे कोबीच्या वाफ्यात वाकून कोण घरी परतलं ते बघायचं.

आईला हे मुळीच पटलं नव्हतं. "लोक गोगलगायी उचलून लांब फेकतात," ती म्हणायची, "आणि माझी लेक त्या परत येतात का याची वाट बघत बसते. वर त्यांना लाल टिकल्या लावते!"

पण त्या परत येत होत्या. रस्त्यापलीकडून एकही नाही, आणि काकूंच्या बागेतून मात्र निम्म्याहून जास्त. तेही मधली उंच भिंत ओलांडून. कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी आकडे दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे फारच छान आहे," आणि त्यांनी चष्मा पुसला. एखादी गोष्ट फार आवडली की मॅडम चष्मा पुसतात. संशय आला तरी चष्माच पुसतात. त्यामुळे नक्की काय ते मला तेव्हा कळलं नाही.

एका आठवड्यात परतणाऱ्यांचा आकडा धाडकन खाली आला होता. त्याचं कारणही मी शोधून काढलं होतं. त्या दिवसांत हवा कोरडी होती, आणि कोरड्या हवेत गोगलगायी कवचात शिरून बसतात. यावर मी दोन परिच्छेद लिहिले होते, सोबत आर्द्रतेचा निळा आलेख जोडला होता. सगळ्या निबंधातला माझा हा सर्वांत लाडका भाग होता.

तर गुरुवारी संध्याकाळी मी काकूंकडे गेले. काकू दातांच्या डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, मागे बाग. शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडत होता. काकू बेसिनपाशी हात धूत होत्या. त्यांचे हात चांगले दणकट आहेत. कॉलेजात त्यांनी गोळाफेकीत बक्षिसं मिळवली होती, आणि अक्कलदाढ काढताना ते जाणवतं, असं आमच्या गल्लीत सगळे सांगतात.

"काकू, निबंधात तुमचे आभार मानायचेत. 'बाग वापरू दिल्याबद्दल' असं लिहिलं तर चालेल ना?"

"अगं, बाग काय, पडलेलीच असते." त्या खुश झालेल्या दिसल्या. "पण लिहितेच आहेस, तर माझ्या मेहनतीचंही लिही की जरा."

"कसली मेहनत?"

"घ्या! म्हणजे तुला पत्ताच नाही?" त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "रोज सकाळी चहा झाला की माझी टाकीपाशी चक्कर असायची. नंबरवाली गोगलगाय दिसली की उचलायची आणि भिंतीवरून तुमच्याकडे टाकायची. अगदी पालापाचोळ्याच्या ढिगावर हं, कवच फुटायला नको. म्हटलं, पोरीच्या प्रयोगातल्या आहेत, पळून आल्यात बिचाऱ्या. हरवल्या तर मॅडम ओरडतील तिला."

"सगळ्या टाकल्यात, काकू?"

"दिसल्या तेवढ्या. बिननंबरवाल्यांशी मला काय देणंघेणं?"

"त्या पळून नव्हत्या आल्या. मी मुद्दाम सोडल्या होत्या."

"मुद्दाम? माझ्या बागेत?"

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"तू विचारलंस, 'काकू, टाकीपाशी जरा काम आहे, करू का?' माझा हात तेव्हा एका माणसाच्या तोंडात होता. मला वाटलं, पाण्याचा नमुना-बिमुना हवा असेल." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "काही बिघडलं का गं?"

मी स्टुलावर बसले. डोक्यात एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला नको होतं. "मध्ये कधी खंड पडला होता का? म्हणजे तुमच्या चकरांमध्ये?"

"मुलीकडे गेले होते ना मी आठवडाभर. तिच्या घराला रंग लावायचा होता."

तोच आठवडा. कोरड्या हवेचा.

घरी आले. आईने सगळं ऐकलं आणि आधी पदर तोंडावर धरून हसून घेतलं. मग माझा चेहरा बघून तिने पदर खाली घेतला. हळूच म्हणाली, "लिहिलंच पाहिजे का ते? काकू काही गावभर सांगत सुटायच्या नाहीत."

मी लगेच 'छे' म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी लॅपटॉप उघडला आणि टाइप केलं, 'बाग वापरू दिल्याबद्दल शेजाऱ्यांचे आभार.' वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि ते तसंच ठेवलं असतं तर मला कोणी पकडूही शकलं नसतं. पण त्याच्या वरच्या आठ पानांकडे मला बघवेना. जिथे जिथे 'गोगलगायी परतल्या' असं लिहिलं होतं, तिथे तिथे मला खांद्यावर टॉवेल टाकलेल्या काकूच दिसत होत्या.

शुक्रवारी सकाळी कॉलेज उघडायच्या आधीच मी मॅडमच्या खोलीबाहेर उभी होते. त्या किल्ली लावत असतानाच मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी कुलपातली किल्ली तशीच ठेवली आणि भिंतीला टेकून हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की शेजारच्या प्रयोगशाळेतून कोणीतरी डोकावून गेलं.

"गोळाफेक!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि आपण लिहिलंय 'दिशाज्ञान'!"

"मॅडम, आज मुदत आहे."

"आहे ना." त्या आत जाऊन बसल्या आणि चष्मा पुसला. या वेळी संशयानेच, माझी खात्री होती. "जाहिरातीत पाठवलेला निबंध हवा असं म्हटलंय. खरा हवा असं म्हटलेलं नाही. ते आपलं आपण ठरवायचं. तू काय ठरवलंयस?"

"हा नाही पाठवायचा."

"मग प्रश्नच मिटला. आता सांग, काकू नव्हत्या त्या आठवड्यात किती परत आल्या?"

"तीन."

"कितीपैकी?"

"अठ्ठावीस."

मॅडम पुढे झुकल्या. "तीन! कोणीही न फेकता. भिंत ओलांडून."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी गेलेलं मोजत बसले होते. उरलं काय, ते पाहिलंच नव्हतं.

"मोठा निबंध गेला," मॅडम म्हणाल्या. "पण या जर्नलमध्ये छोट्या टिपणांचा विभाग आहे. दोन पानं. एक, इतक्या अंतरावरून थोड्या गोगलगायी स्वतःहून परततात, असं दिसतंय. दोन, प्राण्यांवर खुणा करणाऱ्यांनी शेजाऱ्यांना नीट समजावून सांगावं, कारण खुणेमुळेच माणसं त्यांना परत आणून देतात. हे दुसरं मी तरी कुठे वाचलेलं नाही. बस."

"पण टिपण म्हणजे निबंध धरतील का मुलाखतीत?"

"ते मला काय माहीत! आधी तो आर्द्रतेचा आलेख काढ."

"मॅडम, तो..."

"किती सुंदर आहे ते ठाऊक आहे मला. काढ."

काढला. त्याच्याबरोबर लाडके दोन परिच्छेदही गेले. आठ पानांची दोन पानं करणं हे दोनाची आठ करण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुपारी काकूंना फोन करून परवानगी विचारली.

"लिही सगळं बिनधास्त," काकू म्हणाल्या. "फक्त माझं नाव नको हं. पेशंट म्हणतील, ही बाई एखाद्या दिवशी एकाचा दात दुसऱ्याच्या तोंडात बसवेल."

म्हणून टिपणात त्या 'एक शेजारी व्यक्ती' झाल्या. 'सद्हेतूने' हा शब्द मॅडमनी स्वतः घातला.

पाठवायच्या वेळी संकेतस्थळाने अगदी नाकी नऊ आणले. फोटो फार मोठा आहे म्हणालं. लहान केला, तर फार अस्पष्ट आहे म्हणालं. सारांश दीडशे शब्दांत बसवा म्हणालं. माझे एकशे एकावन्न होते. मॅडमनी 'अत्यंत' खोडला. "तसाही तो कधी लागत नाही," त्या म्हणाल्या. शेवटी 'दोन्ही लेखकांना मजकूर मान्य आहे' या चौकटीत खूण करायची होती. मॅडमनी पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मी नखं खात बसले. मग त्यांनी मान हलवली आणि मी बटण दाबलं.

मिनिटभरात जर्नलचं उत्तर आलं, 'आपले टिपण मिळाले.' ते यंत्राने पाठवलेलं होतं हे कळत असूनही मी त्याची प्रिंट काढली.

सोमवारी मुलाखतीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघंजण होते. उजवीकडच्या बाईंनी माझी प्रिंट उलटसुलट करून पाहिली. "हे तर टिपण आहे. जाहिरातीत आम्ही शोधनिबंध म्हटलंय."

"हो. आधी निबंधच होता," मी म्हटलं. "गुरुवारपर्यंत."

मधले पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक तोवर खिडकीबाहेर बघत होते. आता ते माझ्याकडे वळले. "गुरुवारी काय झालं?"

मी सांगितलं. काकू, चहा, पालापाचोळ्याचा ढीग, सगळं. डावीकडच्या गृहस्थांना हसू आवरेना, त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. बाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे तुमच्याकडे सांगण्यासारखं उरलं काय? तीन गोगलगायी?"

"तीन गोगलगायी," मी म्हटलं.

"त्या तीन भिंत ओलांडून कशा आल्या?" प्राध्यापकांनी विचारलं. "वास घेत? की उतार धरून?"

"माहीत नाही, सर."

"अंदाज?"

"अंदाज आहेत, चारपाच. पण गेल्या आठवड्यापर्यंत माझे जे अंदाज होते, ते बघता आता ते मोठ्याने सांगायची भीती वाटते. तपासून बघायला जागा लागेल, आणि अशी भिंत लागेल, जिच्या पलीकडे कोणी राहत नाही. त्यासाठीच आले आहे."

बाईंनी प्रिंट खाली ठेवली. प्राध्यापकांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, भिंत विटांची होती की दगडी, गिलावा होता का, शेवाळं कोणत्या बाजूला होतं. मी सांगत गेले. थोड्या वेळाने बाईही विचारायला लागल्या. त्यांचा आक्षेप होता, की तिन्ही एकाच रात्री आल्या असतील तर एकमेकींच्या चिकट वाटेवरून आल्या असतील. हे मला सुचलंच नव्हतं. मी विचारलं, "मॅडम, हे मी लिहून घेऊ का?" आणि मग टेबलावर त्यांच्याच कागदाच्या मागे आम्ही दोघींनी भिंतीचं चित्र काढलं.

बाहेर बसलेल्या पुढच्या उमेदवाराने दोनदा दार ढकलून पाहिलं.

संध्याकाळी फोन आला, तो बाईंचाच. एक तारखेपासून रुजू व्हायचं. टिपण चालेल, त्या म्हणाल्या, पण त्यांच्या इमारतीमागे एक जुनी दगडी भिंत आहे, ती मी आधी येऊन बघून जावी.