नुसतं टेबल वाजवणं

ही गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतो, पंखा लावतो, बंद करतो. त्यात पाठ धरली. सूनबाई म्हणाली, "बाबा, माझ्या क्लिनिकमध्ये चला." ती कायरोप्रॅक्टर आहे, मणके हातांनी दाबून बसवते. क्लिनिक मात्र मोठ्या डॉक्टरांचं.

त्यांनी मला तपासलं आणि तीन महिन्यांचा प्लॅन सांगितला. पाठ आणि मान, दोन्ही.

"मान दुखत नाही हो माझी."

"दुखायला लागल्यावर उशीर झालेला असतो," ते हसून म्हणाले.

बाहेरच्या बाकावर एक शिक्षिका असायच्या. त्यांना मान वळवली की गरगरायचं. एका टेम्पोवाल्याचा गुडघा धरला होता. दोघांनाही तीन महिने, पाठ आणि मान. टेम्पोवाला म्हणाला, "काका, आपण तर तिळी भावंडं निघालो की!"

काल मी सूनबाईच्या टेबलावर पालथा पडलो होतो. ते टेबल खटक्याचं आहे. मणका दाबला की टेबलाचा तेवढा भाग धाडकन खाली बसतो. तिने खटका ओढला. धाड. पाठीवर दाब आलाच नाही. पुन्हा धाड. मी मान वर केली.

"हे काय चाललंय?"

"हळू बोला ना. तुमची पाठ केव्हाच बरी झालीय. मानेला तर मी हातच लावत नाही, या वयात कशाला? पण सर पलीकडे बसतात. आवाज आला नाही की विचारतात."

"म्हणजे नुसतं टेबल वाजवतेस? सगळ्यांचं?"

"नाही. तुमचंच."

मी उठून बसलो. "आणि त्या बाई? त्यांना गरगरतं."

"सरांना बोलले होते मी. म्हणाले, प्लॅन मोडायचा नाही. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही घरचे."

"त्याही कुणाच्या तरी घरच्या असतील की."

मी सदरा चढवून बाहेर आलो. तिने बाईंना आत बोलावलं. मी बाकावर बसलो, उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. कान दाराकडे. आता वाजेल, मग वाजेल. वाजलं नाही.

दार उघडलं. सूनबाई मोठ्याने बोलत होती, पलीकडे ऐकू जाईल असं. "बाई, तुमच्या मानेला मी हात लावणार नाही. आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा. हे गरगरणं साधं नसेलही."

मोठे डॉक्टर बाहेर आले. "जरा आत या," तिला म्हणाले.

मी पुन्हा पाणी प्यायलो. बाई पर्स छातीशी धरून उभ्याच होत्या. "काका, मला काही झालंय का?"

"माहीत नाही. पण आजच जा," मी म्हटलं. त्या गेल्या.

बऱ्याच वेळाने सूनबाई आली. डबा आणि छत्री घेऊन. "चला बाबा."

"उद्या यायचंय ना तुला?"

"कळवतो म्हणाले."

रस्त्यावर मी इतका भराभर चालत होतो की ती मागे पडली. थांबलो. तिला चांगलं काहीतरी बोलायचं होतं. आमच्या घरात असलं सगळं हीच बोलायची. मला शब्दच सापडेनात.

"गाडी येतेय," मी म्हटलं. "बघून चल."