महिपतरावांच्या अंगात आलेला पूर्वज

माधवगंजात त्या चैत्रात मारुतीच्या देवळापेक्षा जास्त गर्दी सुलोचनाबाईंच्या ओट्यापुढे जमत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हजीऱ्याहून लोक टांगे करून येत. ओट्यावर उभे असत त्यांचे एकुलते एक चिरंजीव महिपतराव. अंगात आजोबांचा अंगरखा, डोक्याला शिंदेशाही पगडी, कमरेला गंजलेली तलवार. पाच महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. बायकोने घास भरवला तर घास तोंडात तसाच राहायचा. आणि आता तो पहाटेपासून बोलत होता, आणि थांबायचं नाव नव्हतं.

"दौलतगंज तुला दिला!" ते कापडवाल्याला म्हणाले. "हजीरा तुला! अजून कोण? मागा, मागा, लाजू नका!"

कोणी हसलं नाही. लोक पाया पडत होते.

शेजारी मृगाजिनावर चिमटेवाले बाबा बसले होते. दाढी छातीपर्यंत, आवाज चौकापर्यंत. "देखो भाइयो! मुर्दा पड़ा था, मुर्दा! इसमें हमने इसका पुरखा उतारा है, सरदार संभाजीराव! इकतालीस दिन का अनुष्ठान बोला था, तीस में उतर आया! बोलो, यह डागदर के बस का है?"

"नहीं!" गर्दी ओरडली.

बाबांना मेलेला सरदार उतरवता येत होता, स्वतःच्या तळपायाचं कुरूप मात्र उतरवता येत नव्हतं. त्यासाठी ते एक दिवसाआड गल्लीतल्या कंपाउंडरकडे लंगडत जात. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं मनापर्यंत पोचायला वाट मोकळी लागते.

सुलोचनाबाईंची वाट तर अभिमानाने बुजलेली होती. दख्खनहून आलेलं लढवय्यांचं घराणं. सासऱ्यांना दरबारात खुर्ची होती. पुढे संस्थान विलीन झालं, खुर्ची गेली. मध्यभारत राज्य झालं तेव्हा निदान लेकाला कचेरीत कारकुनी मिळाली. गेल्या नोव्हेंबरात मध्यभारतही गेलं, राजधानी भोपाळला गेली, कचेरीची खोकी बांधली गेली. महिपतरावांनाही जायचं होतं. जायच्या दिवशी ते अंथरुणातून उठलेच नाहीत. आणि आता तोच लेक दरबारी पोशाखात ओट्यावर उभा होता आणि गाव त्याला मुजरे घालत होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा सुलोचनाबाईंची मान ताठ झाली होती. ती खाली कशी घालायची?

सून विजयाबाई रात्रीचं जागून जागून काळवंडली होती. ती दाराआडून म्हणाली, "आईसाहेब, नऊ रात्री झाल्या, ह्यांचा डोळ्याला डोळा नाही. काल दिवसभरात एक पोळी खाल्ली. डॉक्टर मुकुंदरावांना बोलवू या का?"

"पूर्वज झोपतात होय ग?"

"पूर्वज नाहीत हो ते. ते हे आहेत."

"तुझ्या माहेरी चार ढाली टांगलेल्या असत्या म्हणजे कळलं असतं तुला," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांच्या जिभेला धार लावायला कधी सहाण लागली नाही.

वैशाख लागला. झळा अशा, की दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसेना. एका दुपारी महिपतराव अंगणात आले आणि गरजले, "किल्ल्याची चौकी ओस पडली आहे! मी चाललो!"

सरदार संभाजीराव किल्ल्याच्या चौकीवर होते असं घरात सांगत. बाबांनी चिमटा खणखणवला. "पुरखा अपनी जगह जाएगा! कोई रोके नहीं!" ढोल आला. विजयाबाई धावत आली आणि तिने नवऱ्याची बाही घट्ट धरली.

"आईसाहेब, पायात जोडा तरी घालू द्या. पाणी तरी पिऊ द्या त्यांना!"

सुलोचनाबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. लेकाच्या कपाळी टिळा लावला.

किल्ल्याकडे जाणाऱ्या उरवाईच्या चढावर महिपतराव अनवाणी धावत होते. मागे शे-दीडशे माणसं जयजयकार करत होती आणि आपापल्या उपरण्याने डोकं झाकून घेत होती. अर्ध्या चढावर ते थांबले. कोणाला तरी जहागीर देण्यासाठी हात वर केला आणि तसेच खाली बसले. लोकांना वाटलं, समाधी लागली. म्हणून बराच वेळ कोणी हात लावला नाही.

घरी आणले तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. दिवेलागणीला गेले. चौतीस वर्षांचे होते.

बाबा म्हणाले, "मोक्ष!" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दौलतगंजच्या धर्मशाळेत बैठक मांडली. गर्दी दुप्पट झाली.

तेराव्याला डॉक्टर मुकुंदराव आले. जानेवारीत त्यांनीच महिपतरावांना तपासलं होतं. हा उदासीचा आजार आहे, इस्पितळात ठेवा, विजेचे उपचार करू, असं म्हणाले होते. त्यावर सुलोचनाबाईंनी त्यांना दार दाखवलं होतं: "आमच्या घरातला पुरुष पागलखान्यात जात नसतो." आज डॉक्टर खाली मान घालून बसले.

"डॉक्टरसाहेब," सुलोचनाबाई म्हणाल्या, "मी दुसरी इयत्ता शिकलेली बाई. मला समजेल असं सांगा. माझ्या मुलाला काय झालं होतं?"

"काही माणसांचं मन कधी खोल बुडतं, महिनोन्‌महिने बुडालेलं राहतं," डॉक्टर म्हणाले. "आणि मग त्याच माणसाचं मन असं उसळतं की झोप नको, अन्न नको, मी राजा, मी देव. दोन्ही एकाच आजाराची तोंडं. काही काळाने ते बुडणं आपोआप सरतं, उसळणंही सरतं, आणि काही वर्षांनी फिरून येतं. म्हणून तर मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं, की यापूर्वी असं कधी झालं होतं का. तुम्ही म्हणालात, कधीच नाही."

सुलोचनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"झालं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "दोनदा. अठराव्या वर्षी आणि संस्थान गेलं त्या साली. दोन्ही वेळा पाच महिने पडून होता. मग उठला की महिनाभर असाच नाचायचा, पगड्या बांधवून घ्यायचा. आम्ही कोंडून ठेवायचो आणि बाहेर सांगायचो, विषमज्वर आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा धाकट्या लेकीची सोयरीक चालली होती. भाऊ वेडा म्हटल्यावर कोण सरदार घरात घेईल?"

डॉक्टर म्हणाले, "तेव्हा कळलं असतं तर..." आणि थांबले.

"वाक्य पुरं करा."

"तर मी सूनबाईंना बजावून ठेवलं असतं, की हे उठतील तेव्हा आनंद करू नका, मला बोलवा. तीन रात्री झोप नाही म्हणजे धोका. आता उसळी शांत करणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. आजार मुळापासून गेला नसता, खोटं बोलत नाही. पण माणूस सांभाळता आला असता. त्यांना ना पुरखा घेऊन गेला, ना देव. उपाशी, न झोपलेला माणूस उन्हात धावला."

आतल्या खोलीत विजयाबाईने हुंदका दिला. सुलोचनाबाईंना रडू आलं नाही. त्यांना आठवलं, फाल्गुनात बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनीही हाच प्रश्न विचारला होता. "पहले भी पड़ा था? कितने महीने?" आणि डॉक्टरांपासून लपवलेलं सगळं सुलोचनाबाईंनी बाबांच्या पायाशी ओतलं होतं. साधूपुढे कसली लाज!

दुसऱ्याच दिवशी त्या धर्मशाळेत गेल्या. गर्दीने वाट दिली. मोक्ष मिळालेल्याची आई होती ती. त्या खांबाला टेकून सकाळपासून दुपारपर्यंत बसल्या आणि नुसतं ऐकलं. ओळखीतल्या मानसिंगरावांनी भावाला आणलं होतं. पहिल्यांदाच आजारी पडला होता. बाबा म्हणाले, "इसका करम भारी है, ले जाओ." एकीचा मुलगा जन्मापासूनच मंद. "करम भारी." मग ओळखीतल्याच उषाताई आपल्या मुलीला, लीलाला, घेऊन आल्या. वीस वर्षांची पोर, डोळे विहिरीसारखे.

"बिटिया पहले भी ऐसी हुई थी?"

"हो महाराज, दोन वर्षांपूर्वी. चार महिने. मग एक दिवस आपणच उठून गाऊ लागली."

"और अब कितने दिन से?"

"तीन महिने झाले."

बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले, बोटांवर काहीतरी मोजलं. "इकतीस दिन का अनुष्ठान! उठेगी और गाएगी!"

"थांबा!" सुलोचनाबाई उठल्या. "उषाताई, चारातून तीन गेले, किती उरले?"

"एक."

"एका महिन्याचे दिवस किती?"

"तीस, नाहीतर एकतीस," उषाताई पुटपुटल्या.

"ही तर दुसरीतली वजाबाकी!" सुलोचनाबाई गर्दीकडे वळल्या. "माझ्याकडून ह्यांनी काढून घेतलं, मुलगा पाच महिने पडतो. चार झाले होते. मग म्हणाले, इकतालीस दिन. दहा दिवस जास्तीचे धरले, चूक व्हायला नको म्हणून! जो आपोआप उठणार आहे त्याला हे उठवतात. जो उठेल की नाही ठाऊक नाही, त्याचं करम भारी. सकाळपासून बघते आहे, पूर्वी बरा झालेलाच घेतात. कोंबड्याने म्हणावं, सूर्य माझ्यामुळे उगवला!"

"माई, शोक में तेरी बुद्धि फिर गई है," बाबा हसून म्हणाले. "तेरे बेटे को तो मोक्ष..."

"बुद्धी तेव्हा फिरली होती!" त्यांचा आवाज फाटला. "मोक्ष? मी त्याला न्हाऊ घातलं शेवटचं. तळपायाची कातडी सोलून निघाली होती. तुझ्या एका कुरूपाला दिवसाआड पट्टी लागते रे! माझ्या पोराला जोडासुद्धा घालू दिला नाही... मी. मीच नाही घालू दिला."

धर्मशाळेत कुजबुज सुरू झाली. अर्धे लोक उठले. अर्धे बसूनच राहिले, खोटं का सांगा. पण मानसिंगरावांनी भावाचा हात धरला आणि उषाताईंनी लीलाचा.

संध्याकाळी डॉक्टर मुकुंदरावांच्या खोलीत उषाताई बोलता बोलता अडखळल्या. पोरीच्या लग्नाचं बघत होते. सुलोचनाबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. मग उषाताईंनी सगळं सांगितलं: चार महिने, गाणं, न झोपलेल्या रात्री, आणि काकाही असाच होता, तेसुद्धा. डॉक्टर लिहीत गेले.

बायांनो, बाप्यांनो, देवाला हात जोडायचे तर जोडा, कोणी ना म्हणत नाही. पण मनाचा आजार हा आजारच. घरचं माणूस बुडालं तर डॉक्टर, आणि अचानक उसळलं तरीही डॉक्टर. आणि त्याच्यापुढे बसाल तेव्हा घराण्याची इज्जत चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवा. सुलोचनाबाई ती आत घेऊन गेल्या होत्या.