काकूंची थंडी

“समुद्र माणसामाणसांत भेद करत नाही,” बोटीच्या कठड्याला टेकून वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक म्हणाले. त्यांच्या एका पायात रबरी फिन होता, दुसरा पाय अनवाणी होता आणि उजवा हात क्षितिजाकडे होता. “राजा असो वा हमाल, पाण्याखाली प्रत्येकाचं वजन...”

पुढचं वाक्य शिंकेत गेलं. शिंक मोठी होती. कपाळावरचा मास्क घसरून नाकावर आला आणि बाकावर बसलेलं नवखं जोडपं आपापल्या हवेच्या टाक्या घेऊन हातभर पलीकडे सरकलं.

“समुद्र करत नसेल, मी करते,” मास्तरीण म्हणाली. ती पाण्याखाली नेणारी गाइड. वय पस्तिशीच्या आतबाहेर, पण साठीच्या माणसांनाही वर्गाबाहेर उभं केल्यासारखं बोलायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणच म्हणत. “काका, नाक दाबून फुंका बघू. कान सुटतात?”

निरीक्षकांनी नाक दाबून फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कान जागच्या जागी राहिले.

“सुटले.”

“कुठला?”

“डावा... जवळजवळ.”

“जवळजवळ नाही चालत. आज तुम्ही बोटीवर. बंद कानाने खाली गेलात तर पडदा फाटेल. मग काकू काय म्हणतात ते ऐकू येणार नाही.”

“त्यांना काय फरक पडतोय?” पाण्यात घालायच्या रबरी सूटची बाही वर ओढत निरीक्षकांची बायको म्हणाली. “आत्ता तरी कुठे येतंय!”

बोट हसली. निरीक्षकही हसले, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

खाली जाण्याचा नियम साधा होता. जोडीने उतरायचं आणि जोडीनेच वर यायचं. दोघांपैकी ज्याच्या टाकीतली हवा आधी कमी होईल, त्याच्याबरोबर दुसऱ्यानेही निघायचं, मग दुसऱ्याची टाकी कितीही भरलेली असो. लग्नापेक्षा या नियमात एकच गोष्ट सोपी होती. जोडीदार दर फेरीला बदलता येई.

“मग वहिनी माझ्याबरोबर येतील,” दाताचे डॉक्टर म्हणाले. त्यांचा नेहमीचा जोडीदार, म्हणजे त्यांचा मेहुणा, आज आला नव्हता. डॉक्टर विधुर होते, पट्टीचे पोहणारे होते आणि पासष्टाव्या वर्षी त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे होते. यातला प्रत्येक गुन्हा निरीक्षकांनी मनात स्वतंत्र कलमाखाली नोंदवून ठेवला होता.

सूटची चेन पाठीवर असते. तिला हातभर लांब पट्टी असते, एकट्याला ओढता यावी म्हणून. पण गेली चार वर्षं बायकोची चेन निरीक्षकच ओढत आले होते. ती वळून उभी राहायची, केस वर धरायची, आणि ते ओढायचे. आज ती वळली तेव्हा निरीक्षक खाली वाकून पायातला फिन काढण्यात अत्यंत गुंतलेले होते. फिन निघून बराच वेळ झाला होता, तरीही. शेवटी डॉक्टरांनी चेन ओढली. ती वर सरकतानाचा आवाज निरीक्षकांच्या बंद कानांना अगदी स्वच्छ ऐकू आला.

“एक सांगून ठेवतो,” ते डॉक्टरांना म्हणाले. “हिला थंडी फार वाजते. अर्ध्या तासात अंगठा वर करेल. मग रेंगाळायचं नाही. लगेच यायचं.”

पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे शाबासकी नव्हे. ‘चला वर’ असा त्याचा अर्थ. चार वर्षांतली त्यांची प्रत्येक फेरी अशीच संपली होती. तिसाव्या मिनिटाच्या सुमारास बायको दंड चोळायची आणि अंगठा वर करायची. निरीक्षक मास्कच्या काचेआडून एक सुस्कारा दाखवायचे आणि निघायचे. बोटीवर आल्यावर चहाचा कप हातात घेऊन सगळ्यांना सांगायचे, “मी काय, तासभर राहिलो असतो. पण हिची थंडी!” बायको म्हणायची, “हो ना.” आपल्या मोठ्या मनाबद्दल त्यांना स्वतःलाच कौतुक वाटे. दुसरं कुणी ते मोकळेपणाने बोलून दाखवत नसे.

पाचही जण पाण्यात गेले. पुढे मास्तरीण आणि नवखं जोडपं, त्यांच्या मागे डॉक्टर आणि निरीक्षकांची बायको. बोटीवर उरले निरीक्षक आणि कप्तान. कप्तान केळं सोलत होता.

निरीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ सुरू केलं आणि बुडबुड्यांवर नजर लावली. आयुष्यभर ते काट्यांवर नजर ठेवून जगले होते. कुठल्या वाण्याचं माप आतून ठोकलंय, कुठला भाजीवाला पारडं अंगठ्याने दाबतो, हे त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळायचं. बुडबुडे त्या मानाने अवघड निघाले. थोड्या वेळाने त्यांना डॉक्टरांचे कुठले आणि बायकोचे कुठले ते उमगलं. मग एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि ती न येती तर बरं झालं असतं.

“फार जवळजवळ येतायत,” ते म्हणाले.

कप्तानाने मान वळवून पाहिलं. “जोडीचे जवळच यायला हवेत काका. लांब लांब आले तर काळजी.”

“मला नियम माहीत आहे.”

“केळं घेणार?”

“नको.”

तीस मिनिटं झाली. निरीक्षकांनी टॉवेल उलगडून मांडीवर तयार ठेवला. चौतिसाव्या मिनिटाला डोकी वर आली. मास्तरीण आणि नवखं जोडपं.

“आमची?”

“खाली आहेत. नव्यांची हवा संपली म्हणून आम्ही आलो. ते दोघं मुरलेले आहेत, येतील सावकाश.”

“पण थंडी...”

“आज पाणी एकोणतीस अंश आहे काका. यात भात शिजेल.”

चाळीस मिनिटं झाली. निरीक्षकांनी टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली. पंचेचाळीस झाली. बुडबुड्यांची ती दोन वर्तुळं खडकाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे ते दोघं नवरा-बायको कधीच गेले नव्हते. पलीकडे काही नाही, नुसती रेती आहे, असं निरीक्षक नेहमी सांगत. एखादी जागा न पाहता तिच्याविषयी इतक्या खात्रीने बोलण्याचं कसब त्यांना सरकारी नोकरीत लाभलं होतं.

छप्पन्नाव्या मिनिटाला ती शिडीवर चढली. चेहऱ्यावर मास्कचा लाल वळ होता आणि ती हसत होती. ओळखीच्या माणसाकडे पाहून माणूस हसतो तसं नव्हे. आपल्याच कुठल्यातरी आनंदात.

“अहो, पलीकडे काय आहे माहितीये? जांभळ्या पोवळ्यांचे पंखे! एवढाले, माणसाएवढे. सगळे एकदम डुलतात. आणि एक कासव होतं, म्हातारं, झोपलेलं. आम्ही किती वेळ नुसतं बघत बसलो होतो.”

“आम्ही,” निरीक्षक म्हणाले.

“वहिनी म्हणजे कमाल आहे,” डॉक्टर टाकी उतरवत म्हणाले. “पण दर पाच मिनिटांनी माझा हात धरत होत्या.”

“हात?”

“म्हणजे मनगटावरचा काटा बघायला. माझ्या टाकीत हवा किती उरली ते. मी एकदा खुणेने विचारलंसुद्धा, की माझ्यावर विश्वास नाही का?”

“सवय हो,” ती म्हणाली आणि केसांतलं पाणी पिळायला लागली.

निरीक्षकांनी टॉवेल पुढे केला. आवाज शक्य तितका सहज ठेवून त्यांनी विचारलं, “थंडी नाही वाजली?”

तिने टॉवेल घेतला.

“नाही,” ती म्हणाली. “आज नाही वाजली.” आणि मास्क धुवायला पुढच्या पिंपाकडे गेली.

निरीक्षक बाकावर बसले. चार वर्षं त्यांच्याबरोबर थंडी. परक्या माणसाबरोबर छप्पन्न मिनिटं, आणि थंडीचं नाव नाही. याचा दुसरा काय अर्थ होतो, हे त्यांनी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. अर्थ एकच निघत होता आणि तो चहाबरोबर गिळता येत नव्हता.

समोर मास्तरीण पाटीवर पेन्सिलीने सगळ्यांच्या टाक्यांतली उरलेली हवा लिहीत होती. लिहिताना मोठ्याने बोलायची तिची सवय होती. “डॉक्टर साठ. काकू नव्वद.”

“नव्वद?” निरीक्षकांमधला निरीक्षक जागा झाला. “जवळजवळ तासाभराने दोनशेतले नव्वद? काटा तपासा.”

“काटा बरोबर आहे. काकू श्वासच मोजून घेतात. तुमच्याबरोबर वर येतात तेव्हा तर एकशे चाळीस असतात.”

“तेव्हा लवकर येतो ना आम्ही. हिला थंडी वाजते म्हणून.”

मास्तरणीने पाटीवरून मान वर केली. तिने कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने समुद्राकडे पाहिलं.

“काका, तुमचा काटा सत्तरवर आला की काकूंना थंडी वाजते,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मास्तरणीचा नव्हता. “चार वर्षं बघतेय मी. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

तीस वर्षांत निरीक्षकांनी पारड्यावर दाबलेले हजारो अंगठे पकडले होते. एक सुटला होता. तो वर केलेला होता.

पिंपाकडून बायको परत येत होती. डॉक्टर बाकावरून अर्धवट उठले होते. मघाशी चेन ओढणाऱ्यानेच ती उघडावी, असा काहीसा शिष्टाचार त्यांच्या मनात असावा. ती त्यांच्याजवळून पुढे आली आणि निरीक्षकांसमोर येऊन पाठमोरी उभी राहिली.

निरीक्षक उठले. घसा खाकरला. सांगायचं बरंच होतं, आणि त्यांनी ते मोठ्या वाक्यांत मांडायला घेतलं.

“मी असं ठरवलंय,” ते म्हणाले, “की पुढच्या वेळेपासून तू डॉक्टरांबरोबरच... म्हणजे ती पलीकडची बाजू... माणसाने दुसऱ्याच्या हवेचा विचार...”

तिने ओले केस दोन्ही हातांनी वर धरले.

“अहो, ते मग बोला,” ती म्हणाली. “आधी चेन काढा. आणि जरा हळू, मागच्या वेळी केस ओढले होतेत.”